किंगरी कुणाच्या हक्काची?

गजाने वाजवायच्या तंतुवाद्यांचा विषय निघाला की आपली चर्चा हटकून उगमापाशी जाऊन अडते. पिअर सोनेरा या फ्रेंच प्रवाशाने १७८२ मध्ये आपल्या प्रवासवर्णनात रावणाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका साध्या वाद्याची नोंद केली. पुढे फेतिस या संगीतपंडिताने १८५६ मध्ये त्याच वाद्याला व्हायोलिनचा मूळपुरुष ठरवून टाकलं. आपल्याकडे ही गोष्ट अजून मोठ्या अभिमानाने सांगितली जाते, लंकापतीचा हवाला दिला जातो, आणि तो हवाला मिळाला की पुढे कुणी काही विचारत नाही. वेर्नर बाखमान याने १९६४ मध्ये गजाच्या उगमावर जो ग्रंथ लिहिला, त्यात गजाचा खात्रीलायक पुरावा दहाव्या शतकाच्या मागे जात नाही आणि त्या शतकात तो मध्य आशियापासून अरबी प्रदेश, बायझंटियम आणि स्पेनपर्यंत दिसू लागतो, असा निष्कर्ष आहे. हा वाद मिटलेला नाही. लाकूड, कातडं आणि केस यांची वाद्यं जमिनीत टिकत नसल्यामुळे तो लवकर मिटेल असंही वाटत नाही. अकोला-अमरावतीच्या वाचकापुढे मात्र याच कुळातलं एक वाद्य आहे, ज्याच्याबद्दल यापेक्षा जवळचा प्रश्न विचारता येतो. किंगरी वऱ्हाडात कशाच्या आधारावर उभी होती आणि तो आधार कुठे सुटला? या लेखाचं म्हणणं असं की वाद्य आपल्या घडणीच्या बळावर टिकत नाही, ते वाजवणाऱ्याच्या हक्कावर टिकतं. किंगरीची कहाणी म्हणून संगीताच्या इतिहासाइतकीच गावगाड्याच्या इतिहासात शोधावी लागते.

तरीही उगमाचा प्रश्न अगदीच बाजूला सारता येत नाही, कारण त्याचा एक भक्कम दुवा आपल्याच मुलखात आहे. तेराव्या शतकात वऱ्हाड ज्या यादवांच्या राज्यात होतं, त्यांच्या देवगिरीला शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. काश्मीरहून दक्षिणेत आलेल्या घराण्यातला हा माणूस सिंघण राजाच्या (१२१० ते १२४७) पदरी हिशेबखात्याचा अधिकारी होता, आणि त्याची मोजमापं वाचताना हिशेबनिसाचा हात कळतो. ग्रंथाच्या वाद्याध्यायात त्याने पिनाकी नावाची वीणा वर्णिली आहे. स्वतः धनुष्याच्या आकाराची, आणि राळ लावलेल्या दुसऱ्या धनुष्याने घासून वाजवायची. म्हणजे तेराव्या शतकात या राज्यातल्या जाणत्या लोकांना गज आणि राळ ही जोडी पुरती ठाऊक होती. यातून वऱ्हाडातला एखादा जोगी त्या काळी दारोदार गज ओढत होता असं मात्र सिद्ध होत नाही. दरबारी ग्रंथ दरबारात काय माहीत होतं ते सांगतो, गावात काय वाजत होतं ते सांगतोच असं नाही. पण गज युरोपातून आला आणि इंग्रजांबरोबर आला, असा जो एक ढोबळ समज अधूनमधून ऐकू येतो, तो या एका नोंदीने निकालात निघतो.

पुढचा टप्पा अकबराच्या काळातला. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतलं आणि अबुल फज़लने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं स्वतंत्र वर्णन दिलं. त्याच ग्रंथात वाद्यांचीही यादी आहे. पिनाक तिथे अजून आहे, किंचित वाकलेल्या लाकडाचा, आतड्याच्या तारेचा, वाजवताना डाव्या हातात लहानसा भोपळा धरायचा. सारंगीही आहे. किंगराही आहे, पण तो वीणेसारखा, दोन तारांचा आणि लहान भोपळ्यांचा. तो गजाने वाजवायचा असं तिथे म्हटलेलं नाही. म्हणजे जुन्या लिखाणात किंगरी हे नाव दिसलं की तिथे गज होताच असं धरून चालणं धोक्याचं आहे. लोकवाद्यांवरच्या आपल्या अनेक लेखांत नेमकी हीच चूक होते आणि मग एकाच नावाच्या दोरीत आठशे वर्षं ओवली जातात.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे येऊ. नाथपंथी भटक्यांच्या हातातली किंगरी अर्ध्या करवंटीची असते. तिच्या तोंडावर पातळ कातडं ताणून मढवलेलं, वेळूचा दांडा आरपार गेलेला, दांड्याच्या वरच्या टोकाला खुंट्या, आणि कातड्यावर उभी केलेली छोटीशी घोडी. गज वाकवलेल्या काडीचा, त्याला घोड्याचे केस आणि बहुधा चार घुंगरं. वाजवणारा करवंटी छातीशी किंवा खांद्याखाली टेकवतो आणि दांडा पुढे खाली सोडतो. डाव्या हाताचं बोट तारेला नुसतं लागतं, तार दांड्यापर्यंत दाबली जात नाही. त्यामुळे स्वरांमध्ये पायऱ्या राहत नाहीत, घसरण राहते. राळ लावलेला केस तारेला धरतो, ओढतो, सोडतो आणि पुन्हा धरतो; सेकंदाला शेकडो वेळा चालणाऱ्या या झटापटीतून गज थांबेपर्यंत न तुटणारा आवाज निघतो. एकतारी किंवा तुणतुणं छेडलं की आवाज जन्मतो आणि लगेच मरू लागतो. गजाचा आवाज माणसाच्या श्वासासारखा लांबवता येतो, म्हणूनच गोपीचंद-भर्तृहरीची कथा सांगणाऱ्याला तो हवा. गाणारा दम घ्यायला थांबला की गज त्याची ओळ पुढे चालवतो, आणि गजाला दिलेल्या हिसक्याने घुंगरं लय धरतात. गायक, साथीदार आणि ताल धरणारा, तिघांचं काम एका माणसात बसवलेलं आहे. पायी गावोगाव फिरणाऱ्या आणि पसाभर धान्यावर जगणाऱ्या माणसाला तीन जणांचा फड परवडणार नव्हता. हे वाद्य संगीतशाळेच्या मापाने तोकडं वाटेल, पण त्याच्या धंद्याच्या मापाने त्यात कमी काहीच नाही.

याच नावाचं दुसरं वाद्य परधानांचं. सातपुड्याच्या आणि पैनगंगेच्या बाजूला, यवतमाळ, किनवट आणि आदिलाबादच्या पट्ट्यात ते नांदलं. ते अंगाने मोठं, तीन तारांचं, आणि मंडल्याकडे त्याला बाना म्हणतात. गोंडांच्या देवांच्या आणि कुळांच्या उत्पत्तीच्या कथा परधान त्यावर गातात. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात परधानांच्या जन्माची एक कथा आली आहे. सात गोंड भावांना बडा देव दर्शन देईना, तेव्हा धाकट्याने वाद्य घडवून वाजवलं आणि देव प्रसन्न झाला. त्या धाकट्याचा वंश म्हणजे परधान. कथेतला मुद्दा वाजवण्याच्या अधिकाराचा आहे. सुरेल कोण वाजवतो हा प्रश्न तिथे उद्भवतच नाही. देवाला जागवायचं काम एका भावाचं ठरलं आणि त्या बदल्यात उरलेल्या सहा भावांनी त्याला पोसायचं ठरलं. शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर पुस्तक लिहिलं, फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवर लिहिलं. दोन प्रदेश वेगळे, पद्धती वेगळ्या, पण दोन्हीकडे चित्र एकच दिसतं: परधानाची गोंड घराणी वंशपरंपरेने ठरलेली, लग्नात आणि मृत्यूनंतरच्या विधीत त्याचं येणं ठरलेलं, आणि त्याला काय द्यायचं तेही ठरलेलं. परधानांचं वऱ्हाडाशी नातं कागदावरही दिसतं. अनुसूचित जमातींच्या यादीत १९७६ पर्यंत परधानांना क्षेत्राचं बंधन होतं आणि त्या मोजक्या क्षेत्रांत अमरावती जिल्ह्यातला मेळघाट तालुका होता.

नाथजोग्यांचा हक्क एवढा पवित्र नव्हता, पण हक्कच होता. अलुतेदारांच्या जुन्या यादीत डवऱ्या आणि गोसावी सापडतात. वऱ्हाडात यांच्याच गोतातला गारपगारी तर गावचा नोकरच होता: गारपीट टाळायची आणि त्यासाठी शेतकऱ्यांकडून पगार घ्यायचा. आजच्या राज्य शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीतही भराडी या नोंदीखाली नाथजोगी, गारपगारी, बाळसंतोषी, नाथपंथी डवरी गोसावी यांच्या बरोबरीने किंगरीवाले हे नाव आहे. वाद्य ऐकू येईनासं झालं तरी वाद्यावरून पडलेली जात सरकारदफ्तरी शाबूत आहे.

हे सगळे हक्क खळ्यावर वसूल होत. ज्वारी मळून रास झाली की ती घरी जाण्याआधी ज्याचं त्याचं माप निघायचं. रास समोर असताना शेतकऱ्याला नाही म्हणणं जड जात असे, आणि घेणाऱ्यालाही ते भीक मागितल्यासारखं वाटत नसे. या व्यवस्थेला पहिला धक्का कापसाने दिला असं मला वाटतं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं, १८६० नंतरच्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले, आणि खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांत रोकडा खुळखुळू लागला. कारंज्याला १८८६ मध्येच नियंत्रित कापूसबाजार भरू लागला होता आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. कापूस खळ्यावर येत नाही. तो बोंडागणिक वेचला जातो, घरात साठतो आणि गाडीतून बाजारात जातो. त्याची गावासमोर रास लागत नाही, म्हणून त्यातून माप काढायचा क्षणच येत नाही. जोग्याने पेढीवर जाऊन हक्क सांगितला तर त्याला हाकलतीलच. ज्वारी मात्र वऱ्हाडातून एकदम गेली नाही, भाकरीसाठी आणि कडब्यासाठी ती आणखी शंभर वर्षं पेरली गेली, म्हणून खळं रखडत का होईना टिकलं. त्याचा शेवट सोयाबीनने केला. सोयाबीन शेतातच मळणीयंत्रातून निघतं, पोत्यात भरलं जातं आणि ट्रॅक्टरवरून थेट बाजारसमितीत जातं. मळणीयंत्रवाल्याची मजुरी रोख ठरते. त्या व्यवहारात किंगरीवाल्याने उभं राहावं अशी जागा उरलेली नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे अर्थशास्त्र उगाच ताणलेलं आहे. वाद्यच दुबळं होतं, पेटी आली, रेडिओ आला, ध्वनिक्षेपक आला आणि ते मागे पडलं. दुबळेपणाचं म्हणणं मला पटत नाही. बाल्कन प्रदेशात गुस्ले नावाचं एका तारेचं वाद्य आहे, तार घोड्याच्या केसांची आणि गजही तसाच. मिल्मन पॅरी या अभ्यासकाने १९३५ मध्ये आवदो मेजेदोविच या गायकाकडून बारा हजारांहून अधिक ओळींचं एकच काव्य ऐकून नोंदवून घेतलं, ते याच परंपरेतलं. एका तारेवर एवढी मोठी कथा उभी राहत असेल तर तारांची संख्या हे कारण होऊ शकत नाही. उलट बाजूने पाहा. युरोपातलं व्हिओलचं कुळ किंगरीपेक्षा कितीतरी समृद्ध होतं, लहानमोठ्या आकारांचं, लिहिलेल्या संगीताचं, राजवाड्यांत मानाचं. तरी अठराव्या शतकात व्हायोलिनने ते मागे सारलं. १७४० मध्ये युबेर ल ब्लां नावाच्या एका फ्रेंच कायदेपंडिताने व्हायोलिनच्या आक्रमणाविरुद्ध व्हिओलचं बचावपत्र छापलं, ते आज वाचताना हसू येतं आणि वाईटही वाटतं. व्हिओलच्या घडणीत काही बिघडलं नव्हतं. ते ज्या दालनासाठी घडलं होतं ते दालन रिकामं होऊन तिकीट काढून ऐकणाऱ्यांचं मोठं सभागृह आलं, आणि तिथे मोठ्या आवाजाची गरज होती.

पेटीचा मुद्दा तर उलटा जातो. पेटीने सर्वांत मोठं नुकसान कुणाचं केलं असेल तर सारंगीचं. कोठ्यांचा आश्रय सुटला, बैठकीत पेटी आली. पण आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या केंद्रांत बंदी घातली होती आणि साथीसाठी पगारी सारंगिये ठेवले होते. त्या काळात सारंगीला जो श्वास मिळाला तो तिच्या गुणांमुळे नव्हे, नोकरीमुळे. एकाच कुळातल्या दोन बहिणी: एकीला सरकारी पगार मिळाला, दुसरीचा पगार खळ्याबरोबर बुडाला. रेडिओने लोकवाद्यं मारली असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा दाखला जरा पचवून पाहावा.

याहून बोलका पुरावा खुद्द अमरावती जिल्ह्यातला आहे. विसाव्या शतकात वऱ्हाडाच्या कानावर सर्वांत जास्त राज्य केलेली दोन माणसं याच मातीतली: शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा आणि यावलीला १९०९ मध्ये जन्मलेले तुकडोजी महाराज. दोघेही गावोगाव फिरले, दोघांनीही लाखोंना गोळा केलं. तुकडोजींच्या हातात खंजिरी होती. मोझरीच्या गुरुकुंजापासून ती गावागावांतल्या भजनमंडळांत गेली आणि आजही वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेनंतर खंजिरी वाजते. भोंगे, रेडिओ, दूरदर्शन, मोबाइल हे सगळं खंजिरीच्याही वाट्याला आलं. तरी ती राहिली, कारण ती कुणाच्या जातीची नव्हती. कुणब्याने घ्यावी, तेल्याने घ्यावी, माळ्याने घ्यावी, शाळेतल्या पोराने घ्यावी. वाजवून पैसे मागायचे नाहीत आणि कुणी हसायचंही नाही. किंगरीला ही मोकळीक कधी नव्हती. ती हातात घेणं म्हणजे मी अमुक जातीचा आणि मी मागायला आलो आहे, हे जाहीर करणं होतं. जो हक्क तिला जगवत होता, त्यानेच तिला एका घरात कोंडून ठेवलं होतं. खंजिरी शिकायला गजापेक्षा सोपी आहे हे खरं, आणि त्याचाही वाटा धरायला हवा. पण सोपेपणाने वाद्य पसरतं. अवघड वाद्य नाहीसं का व्हावं, याचा उलगडा त्यातून होत नाही. सनई काही सोपी नाही.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. किंगरी गेली म्हणून हळहळणारे लोक नेमके कशासाठी हळहळतात? ज्याला पिढ्यान्‌पिढ्या दारात उभं राहून गावं लागलं, त्याच्या मुलाने करवंटी टाकून शाळेची पिशवी उचलली तर ते नुकसान कुणाचं? आंबेडकरी चळवळीने विदर्भात हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला आणि गावकीची कामं नाकारून त्याचं उत्तरही दिलं. ते उत्तर ज्या जातींपर्यंत चळवळ थेट गेली नाही, त्यांच्यापर्यंतही झिरपलं. कायद्याने तर मागण्याला गुन्हाच केलं: १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत सार्वजनिक जागी गाऊन-नाचून दान मागणं हेही भीक मागण्यातच मोडतं. ज्या माणसाचा हक्क त्याच्या आजाच्या काळी खळ्यावर मोजून मिळत होता, तो नातवाच्या काळी पोलिसांच्या लेखी भिकारी झाला. हा आक्षेप मी पूर्णपणे मानतो, आणि तो माझ्या म्हणण्याला धक्का देत नाही, बळच देतो. वाद्य सोडण्याचा निर्णय संगीताच्या आवडीनिवडीतून झालेला नाही. सन्मान आणि पोट या दोन गोष्टींचा हिशेब बसेना म्हणून तो झाला. ज्यांना वाद्य परत हवं आहे त्यांनी आधी हा हिशेब जुळवून दाखवावा. ‘परंपरा जपा’ असं व्यासपीठावरून सांगणारा सहसा पगारदार असतो, हे विसरता कामा नये.

हिशेब जुळला तर काय होतं याचाही दाखला आहे. मंडल्याकडच्या पाटणगढचे जनगढसिंह श्याम परधान होते. १९८२ मध्ये उघडलेल्या भोपाळच्या भारत भवनने त्यांच्या रेखाटनांना भिंत आणि पैसा दिला आणि परधानांच्या कथा, जे देव बान्यावर जागवले जात, ते कागदावर आणि कॅनव्हासवर उतरले. गावातली कितीतरी घरं चित्रकार झाली. कथा त्याच, घराणीही तीच, घेणारा बदलला. ज्या परंपरेला गिऱ्हाईक मिळालं तिने नवं रूप धरलं, वाद्याला मिळालं नाही म्हणून ते कोपऱ्यात गेलं. आधुनिकतेने लोककला मरतात हे ठरीव वाक्य इथे सरळ खोटं पडतं. त्याच घरातल्या कथेने आधुनिक बाजारात पाय रोवले आणि त्याच घरातला गज बाहेर राहिला.

वाद्य वाचवण्याच्या ज्या योजना सुचवल्या जातात त्यांची तपासणी याच कसोटीवर व्हावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी वाद्यांचे सांगाडे आस्थेने जपले आहेत, रॉडरिक नाइट यांच्यासारख्या अभ्यासकाने बान्यावर सविस्तर लिहिलं आहे, आणि हे काम मोलाचं आहे. पण व्हिओल जेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर्नल्ड डॉल्मेच याने पुन्हा वाजवायला घेतलं, तेव्हा त्याच्यापुढे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी लिहिलेलं संगीत तयार होतं. किंगरीचं संगीत कुणी कागदावर उतरवलेलं नाही. ते गाणाऱ्याच्या आठवणीत आहे, कथेबरोबर आहे, आणि कथा कुणापुढे कधी गायची याच्या नियमांसह आहे. करवंटी आणि गज उद्या कुणीही सुतार घडवून देईल. काय वाजवायचं हे तो सांगू शकणार नाही. म्हणून युवक महोत्सवात दोन मिनिटं किंगरी मिरवण्याने, किंवा चित्रपटाच्या गाण्यात तिचा एक तुकडा घालण्याने जे वाचतं ते आवाजाचा नमुना एवढंच.

अमरावतीच्या विद्यापीठाने किंवा राज्याच्या सांस्कृतिक खात्याने हे काम खरंच अंगावर घेतलं तर पहिली अडचण पैशाची येणार नाही, अधिकाराची येईल. गाणाऱ्याला मानधन नव्हे तर शिक्षकाचा नियमित पगार द्यावा लागेल, कारण आकाशवाणीच्या सारंगीचा धडा तोच आहे. आणि पगार दिला की वर्गात कुणीही येऊन बसेल. नाथजोग्याची गोपीचंदाची कथा कुणालाही शिकवता येईल, तिला श्रोत्याची अट नाही. परधानाच्या कुळकथा मात्र ज्या कुळाच्या आहेत त्याच कुळापुढे, त्यांच्या देवाच्या कामासाठी गायच्या असतात, आणि त्या वर्गात उघड कराव्यात की नाही हे अभ्यासक्रम समितीने ठरवायचं नाही. ते परधानांनी आणि त्यांच्या गोंड यजमानांनी एकत्र बसून ठरवायचं आहे, आणि त्यांनी नको म्हटलं तर त्या कथांविना तीन तारांची किंगरी शिकवण्यात काय हशील, हा प्रश्नही त्याच बैठकीत यायला हवा.